ओलं झालं की घसरणारं नक्षीदार काँक्रीट: आधी काय तपासायचं, मग काय करायचं

तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते. "कोरडं असताना काही नाही हो, पण ओलं झालं की पाय सटकतो." अंगण असो, गाडी लावायची जागा असो, पोहण्याच्या तलावाचा काठ असो की मागच्या दाराच्या पायऱ्या. दगडाचा किंवा विटांचा छाप मारलेलं, रंगवलेलं आणि वरून चकचकीत केलेलं काँक्रीट असलं की हे वाक्य कधी ना कधी ऐकू येतंच. अशी कामं इतकी निस्तरली आहेत की आता दोन प्रश्नांत अंदाज येतो. अंदाज चुकतोही, म्हणून मी तपासणीचा क्रम मोडत नाही. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो: कारण कळेपर्यंत वर आणखी एक कोट मारू नका. माझ्याकडे येणारी बरीच कामं त्या "आणखी एका कोटा"नेच बिघडलेली असतात.

लक्षणं नीट पाहा

घसरतं कुठे आणि कधी, यात अर्धं उत्तर असतं.

सगळीकडे सारखं घसरतं, पृष्ठभाग आरशासारखा चमकतो आणि त्रास शेवटचा कोट मारल्यापासून सुरू झाला, तर सीलरचा, म्हणजे काँक्रीट जपायला वरून मारतात त्या पारदर्शक लेपाचा, थर जाड झालाय. काही ठरावीक जागीच घसरतं, तिथे हिरवट-काळपट झाक आहे आणि हाताला बुळबुळीत लागतं, तर ते शेवाळ. हे बहुधा सावलीच्या बाजूला, कुंड्यांच्या ओळीखाली किंवा छपराच्या पागोळ्या पडतात तिथे सापडतं. पावसाची पहिली सर आली की सगळ्यात जास्त घसरतं आणि तासाभराच्या पावसानंतर जरा सुधारतं, तर वर साबण, तेल किंवा धुळीचा पातळ लेप बसलाय आणि सुरुवातीचं पाणी तो फक्त कालवतंय. कोरडं असतानाही पाय सरकतो, तर बारीक भुकटी किंवा कुणीतरी हौसेने लावलेलं मेणाचं पॉलिश. फक्त पायऱ्यांवर आणि उतारावरच घसरतं, तर दोष एकट्या पृष्ठभागाचा नाही. त्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

पांढरट डाग, पोपडे, किंवा सांध्यात साचून पिवळट झालेला पारदर्शक थर दिसत असेल तर तेही टिपून ठेवा.

छाप खडबडीत असूनही पाय का सटकतो

हा प्रश्न सगळे विचारतात, आणि रास्तच आहे. "अहो, दगडासारखं उंचसखल आहे की!" आहे, पण ते डोळ्यांसाठी. छापातल्या खाचा बोटभर रुंद असतात आणि पाऊल पडतं ते दोन खाचांमधल्या सपाट माथ्यावर. ओल्या जमिनीवर टाच टेकते तेव्हा बूट आणि जमीन यांच्यामध्ये पाण्याचा पापुद्रा अडकतो. तो फोडून रबरापर्यंत पोहोचायला हव्यात त्या माथ्यावरच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक टोकांच्या रांगा. साध्या पाण्यासाठी हा खरखरीतपणा २० मायक्रॉनच्या आसपास किंवा जास्त असला तर धोका कमी धरतात, १० च्या खाली गेला तर जास्त. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे आपण बोलतोय ते केसाच्या जाडीच्याही तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याबद्दल. साबणाचं पाणी किंवा तेल असेल तर याहून बरंच जास्त खरखरीत लागतं, कारण तो पापुद्रा सहज फुटत नाही.

आता सीलरचा हिशेब करा. अ‍ॅक्रिलिक सीलरचा एक कोट वाळल्यावर अंदाजे २५ ते ५० मायक्रॉनचा थर सोडतो. म्हणजे एक-दोन कोटांतच ती सगळी टोकं बुडतात. तिसरा-चौथा कोट निव्वळ चकाकीसाठी असतो आणि त्या चकाकीवरच माणूस पडतो.

पहिली तपासणी: खडू, बादली आणि एक जुना बूट

खर्च शून्य. जमीन ओली करा, एकाच जोडीचे बूट घालून हळू चाला, कशाला तरी धरून चाला, आणि पाय हलतो तिथे खडूने गोल करा. पायऱ्यांवर हा प्रयोग उभं राहून करू नका; बसून, हातात रबरी तळव्याची चप्पल घेऊन घासून पाहा. बूट बदलला की निकाल बदलतो, म्हणून जोडी एकच ठेवायची. तळवा झिजून सपाट झालेली चप्पल असेल तर चांगल्या जमिनीवरही सटकेल, आणि तुम्ही उगाच काँक्रीटला दोष देत बसाल.

जमलं तर आणखी एक करा. बुटात वीट ठेवा, पुढे हुकाचा स्प्रिंगकाटा अडकवा आणि ओल्या जमिनीवर आडवा ओढून काटा कुठे जातो ते लिहून ठेवा. एकदा खडूच्या गोलात, एकदा बाहेर. या आकड्याला प्रयोगशाळेत किंमत नाही, कारण खरी टाच वेगाने पडते आणि वेग असला की पाण्याचा पापुद्रा जास्त दगा देतो. पण दुरुस्तीच्या आधी आणि नंतर तीच वीट, तोच बूट वापरला तर काही फरक पडला का, हे कळतं. नाहीतर "आता बरं वाटतंय" यावर विश्वास ठेवावा लागतो, आणि पैसे खर्च केल्यावर सगळ्यांनाच बरं वाटतं.

दुसरी: पाणी कुठून येतं, कुठे थांबतं

बादलीभर पाणी ओता आणि पंधरा मिनिटांनी परत या. डबकं राहिलं तर तिथे ढाळ नाही. बाहेरच्या जमिनीला साधारण १ ते २ टक्के ढाळ लागतो, म्हणजे मीटरला १० ते २० मिलिमीटर. सरळ पट्टी आणि लेव्हल ठेवून हे मोजता येतं.

हे आधी तपासायचं कारण साधं आहे. पाणी थांबतं तिथे चिखल बसतो, चिखलावर शेवाळ येतं, आणि वरचं काहीही बदललं तरी दोन महिन्यांत परत पहिल्यासारखं होतं. छपराचा पाइप थेट चालायच्या वाटेवर सोडलेला असतो, कुंडीखालची थाळी रोज वाहते, बागेच्या नळाला गळती असते. पाइपला एक कोपर लावून तोंड फिरवलं आणि काम संपलं, असं कितीदा तरी झालंय. ढाळच उलटा, घराकडे, असेल तर मात्र ती घरची दुरुस्ती नव्हे.

तिसरी: एक चौरस मीटर खरोखर स्वच्छ करा

सगळं अंगण धुवायला घेऊ नका. सर्वांत वाईट जागी एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन आखा. सौम्य डिटर्जंट, कडक नायलॉनचा ब्रश, आणि मग दोनदा भरपूर पाण्याने धुणं. दुसऱ्यांदा धुणं महत्त्वाचं, कारण राहिलेला साबण हाच पुढचा निसरडा थर असतो. तारेचा ब्रश नको. त्याचे तुकडे रुतून गंजाचे ठिपके पडतात. प्रेशर वॉशर असेल तर पंख्यासारखी फवारणारी नोझल लावा आणि लांबून मारा. टोकदार धार जवळ धरली तर सीलर फाटतो आणि रंगीत माथाही उडतो.

शेवाळ असेल तर पातळ केलेलं ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, डब्यावरच्या प्रमाणात. दहा-पंधरा मिनिटं ओलं राहू द्या, घासा, धुवा. शेजारची झाडं आधी पाण्याने भिजवून ठेवा. ब्लीच कुठल्याही अ‍ॅसिडमध्ये किंवा अमोनिया असलेल्या क्लीनरमध्ये कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो, आणि उघड्यावर आहे म्हणून चालतं असं नाही. आधीच्या दिवशी अ‍ॅसिड वापरलं असेल तर जमीन पूर्ण धुतल्याशिवाय ब्लीचची बाटली उघडूच नका.

चौकोन वाळला की पुन्हा ओला करून तोच बूट, तोच काटा. फरक स्पष्ट असेल तर दोष मळाचा होता. उरलेली जमीन तशीच साफ करा आणि थांबा. इथे थांबणं लोकांना जमत नाही. स्वच्छ झालेलं काँक्रीट पाहून नवा कोट मारायचा मोह होतो, आणि चार दिवसांपूर्वी न घसरणारी जमीन पुन्हा घसरायला लागते.

चौथी: वर थर आहे का, आणि कसला

स्वच्छ, कोरड्या जागी पाण्याचे थेंब टाका. शोषले गेले आणि डाग गडद झाला तर थर नाही किंवा झिजून गेलाय. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर दोन शक्यता आहेत: वर पापुद्रा आहे, किंवा सिलेन-सिलोक्झेन प्रकारचा आत मुरणारा सीलर आहे, जो पाणी झटकतो पण वर थर करत नाही. हे ओळखायला कोपऱ्यात नाण्याच्या कडेने खरवडा. पारदर्शक, कुरळी सालं निघाली की पापुद्रा.

मग कापसाचा बोळा झायलीनमध्ये (रंग पातळ करायचं एक सॉल्व्हंट) भिजवून आडोशाच्या जागी मिनिटभर दाबून धरा. थर चिकट, मऊ झाला तर सॉल्व्हंटमध्ये विरघळणारं अ‍ॅक्रिलिक. काहीच झालं नाही तर पॉलियुरेथेन किंवा इपॉक्सी असण्याची शक्यता मोठी. झायलीन चटकन पेट घेतं आणि डोकं गरगरवतं, म्हणून हातमोजे घाला, वारं असू द्या आणि जवळ कुठलीही ज्योत, ठिणगी, सिगारेट नको.

या एका मिनिटाच्या चाचणीवर पुढचं सगळं ठरतं. अ‍ॅक्रिलिकवर अ‍ॅक्रिलिक एकजीव होतं. युरेथेनवर तेच मारलं तर थोड्याच दिवसांत पापुद्रे सुटतात, आणि सुटलेला पापुद्रा पायाखाली आला की घसरण आणि ठेच दोन्ही.

पाचवी पायरी: पातळ थर शाबूत असेल तर दाणा

थर अ‍ॅक्रिलिकचा, पातळ, कुठेही न सुटलेला असा असेल तरच हा उपाय. त्याच जातीच्या सीलरमध्ये घसरण रोखणारा बारीक दाणा मिसळून एकच पातळ कोट द्यायचा. दाणे मुख्यतः तीन प्रकारचे. प्लॅस्टिकची, म्हणजे पॉलिमरची बारीक पूड दिसत नाही, अनवाणी पायाला बोचत नाही, पण वर्दळीत लवकर झिजते. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड कणखर, गाडीच्या चाकांखालीही टिकतं, पण तलावाच्या काठावर मुलांचे गुडघे सोलतं. सिलिकाची वाळू स्वस्त आणि टिकाऊ, पण पारदर्शक थरात डोळ्यांना दिसते. मी पोहण्याच्या तलावाजवळ पॉलिमर आणि उतारावर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड वापरतो.

चुका मात्र सगळीकडे त्याच होतात. दाणा डब्याच्या तळाशी बसतो आणि ढवळणारा माणूस एकदाच ढवळून मोकळा होतो. मग पहिली दहा पावलं गुळगुळीत, शेवटची दोन सँडपेपर. डबा सतत ढवळत राहायला दुसरा माणूस हवाच. वरून मुठीने भुरभुरवलं तर कुठे ढीग, कुठे मोकळं. फवारणी पंपात दाणा अडकतो, म्हणून रोलर बरा. आणि सगळ्यात वाईट चूक: दाण्याच्या कोटावर "जरा शायनिंग येऊ दे" म्हणून साधा कोट. एका घरी मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मालक म्हणाले, तुमचा दाणा काही चालला नाही. नाण्याने खरवडलं तर दाणा होता तिथेच, वरच्या दोन कोटांखाली अगदी सुखरूप.

कोट मारण्याआधी ओल तपासा. साधारण ४५ सेंटिमीटर चौरस पारदर्शक प्लॅस्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवा आणि किमान १६ तास तसंच ठेवा. खाली थेंब जमले किंवा काँक्रीट गडद झालं तर आत ओल आहे. अशा जागी कोट मारला तर वाफ थराखाली अडकते आणि पांढरं पडतं. भर उन्हात तापलेल्या जमिनीवरही नको, बुडबुडे येतात. आणि इथेही आधी तोच एक चौरस मीटर. वाळू द्या, ओला करा, काटा ओढा.

सहावी पायरी: जाड थर काढणं

तीन-चार कोट साचलेत, कडांना पोपडे आहेत, पांढरट झालंय, तर त्यावर दाणा टाकून उपयोग नाही. दाणा ज्याला धरतो तोच सुटतोय. थर काढायला स्ट्रिपर लागतो. पाण्यावर आधारलेला स्ट्रिपर सावकाश काम करतो पण वास सोसवतो. लावून प्लॅस्टिकने झाकून ठेवायचा, मग प्लॅस्टिकच्या खरवडणीने आणि ब्रशने काढायचा, बहुतेक वेळा दोनदा. छापाच्या खाचांमधला थर शेवटपर्यंत चिवट राहतो. निघालेला लगदा गटारात किंवा मातीत सोडू नका, गोळा करा.

एक इशारा आधीच. छापाच्या खाचांतली गडद छटा बहुतेक वेळा साचा सुटावा म्हणून टाकलेल्या रंगीत पुडीची असते, आणि कधी रंग सीलरमध्येच मिसळलेला असतो. थर निघाला की छटाही निघते. हे आधी सांगितलं नाही तर नंतर भांडण होतं, माझं झालंय.

थर निघाल्यावर दोन वाटा: दाणा घातलेला एकच पातळ अ‍ॅक्रिलिक कोट, किंवा आत मुरणारा सीलर. मुरणारा सीलर काँक्रीटची मूळ टोकं मोकळी ठेवतो, पण भिजलेल्या दगडासारखा तो गडद रंग येत नाही. सगळं मंद दिसतं. मला तसंच आवडतं. घरच्यांना बहुतेक वेळा नाही आवडत, आणि मग मी त्यांना सगळी जमीन ओली करून चालायला लावतो.

अ‍ॅसिडने खरवडण्याबद्दल नेहमी विचारणा होते. सीलर वर असेल तर अ‍ॅसिड काँक्रीटपर्यंत पोहोचतच नाही, आणि थर नसेल तर ते रंगीत माथाच खातं. नक्षीदार काँक्रीटवर मी ते वापरत नाही.

थर मुळीच नाही, तरी ओलं झालं की सटकतं, असंही असतं. ओतताना लोखंडी थापीने घोटून घोटून माथा काचेसारखा केलेला असतो. तिथे यंत्राने घासणं, बारीक लोखंडी गोळ्यांचा मारा करून माथा खरखरीत करणं किंवा खाचा पाडणं हेच उपाय. त्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात कायमची बसते. हे काम धूळ ओढणाऱ्या यंत्रांसकट करणाऱ्यांचं आहे.

पायऱ्या आणि उतार

इथे घसरण पृष्ठभागामुळे होतेच, पण नक्षीमुळे आणखी एक दोष येतो: कड दिसत नाही. वरच्या पायरीवरही तोच दगडी छाप, खालच्या पायरीवरही तोच रंग, संध्याकाळी दोन्ही एकच सपाटी वाटते. पाय हवेत पडतो आणि लोक म्हणतात घसरलो. म्हणून प्रत्येक पायरीच्या कडेला वेगळ्या, उठून दिसणाऱ्या रंगाची खरखरीत पट्टी हवी. चिकटपट्टी तात्पुरती ठीक आहे, पण सुटत्या सीलरवर चिकटवली तर सीलरसकट निघते. आधी कडेचा थर काढा. पायऱ्यांची उंची एकमेकींत सेंटिमीटरभरही वेगळी असेल तर पाय फसतोच. उतार १२ ला १ पेक्षा तीव्र असेल तर निव्वळ दाण्यावर विसंबू नका, कठडा लावा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

घरातलं कुणी आधीच पडलं असेल, किंवा म्हातारं माणूस रोज त्या वाटेने जात असेल, तर प्रयोग करत बसू नका. वाट बंद करा, भोकांची रबरी चटई अंथरा (कापडी नको, ती स्वतःच सरकते) आणि बोलवा. थर इपॉक्सी किंवा युरेथेनचा निघाला, प्लॅस्टिकखाली पुन्हा पुन्हा ओल आली, ढाळ घराकडे असला, किंवा भेगेची एक बाजू दुसरीपेक्षा ६ मिलिमीटरहून जास्त उचलली गेली असली, तरीही तेच. एक चौरस मीटरचा चौकोन दोनदा फसला तर तिसऱ्यांदा करू नका. काहीतरी तुमच्या नजरेतून सुटतंय.

येणाऱ्या माणसाला विचारा: ओल्या जमिनीवर पेंड्युलम चाचणी कराल का, आधी आणि नंतर? लोलकाच्या टोकाला रबराची पट्टी असते, ती जमिनीला घासत जाते आणि किती वर चढते त्यावरून आकडा मिळतो. हे यंत्र १९४० च्या दशकात अमेरिकेत इमारतींच्या फरशांसाठी निघालं, नंतर ब्रिटनमध्ये रस्त्यांसाठी सुधारलं गेलं. ३६ किंवा वर आकडा आला तर धोका कमी, २५ ते ३५ मध्यम, २४ पर्यंत जास्त. सीलरच्या डब्यावर ०.४२ असा वेगळाच आकडा छापलेला दिसला तर भुलू नका. ती अमेरिकी मर्यादा मुळात घराच्या आतल्या, सपाट, पाण्याने ओल्या होणाऱ्या टाइल्ससाठी आहे. उघड्यावरच्या उताराला ती पुरेशी धरता येत नाही.

काम झाल्यावर सीलरच्या डब्यावरचं लेबल, दाण्याचा प्रकार आणि तारीख यांचा फोटो काढून ठेवा. दोन-तीन वर्षांनी थर झिजला की पुढचा माणूस झायलीनचा बोळा शोधण्याआधी हाच फोटो मागेल.